मांडवाच्या कडेची बाई

३ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न लागलं की ऑर्डरी सुरू होतात, मग मान वर करायला फुरसत मिळत नाही. म्हणून आज स्टुडिओतल्या कॉम्प्युटरची साफसफाई काढली. दर वर्षी पैसे मागणारी सॉफ्टवेअरं एकेक करून काढायची आणि त्यांच्या जागी फुकटची टाकायची, असं यंदा ठरवलंय. नांदेडचा राघवेंद्र माझ्यासारखाच लग्नाचे फोटो काढतो. त्याचं सगळं काम दोन वर्षांपासून फुकटच्यांवरच चालतं. त्यालाच फोन केला. म्हणाला, "चोरीचं टाकू नको म्हणजे झालं. फुकट वेगळं आणि चोरीचं वेगळं."

फाइली झिपमध्ये बांधायचं विकतचं काढून फुकटचं टाकलं. काम तेच, फक्त मुदत संपली म्हणून उठता-बसता टोकत नाही. विकतचा अँटिव्हायरस काढला, विंडोजचा स्वतःचा आहे तोच ठेवला. पीडीएफ जोडायचंही फुकटचं मिळालं.

आरती म्हणाली, कुठलं काढलं, कुठलं टाकलं ते लिहून ठेवत जा, नाहीतर चार दिवसांनी मलाच विचाराल. म्हणून हे लिहिणं. तिला पाचवा महिना लागलाय. जास्त वेळ खुर्चीत बसू नको म्हणतो, पण फोन घ्यायला तीच लागते. गिऱ्हाईक माझ्याशी बोललं की ऑर्डर जाते, असं तिचं मत आहे. खोटं नाही.

६ नोव्हेंबर

एकच फोटो दोनदा-तीनदा साठवलेला असेल तर शोधून देणारं एक टाकलं. निम्मी डिस्क मोकळी झाली.

पुसलेले फोटो परत आणणारंही टाकून बघितलं. एका जुन्या कार्डातून बरंच वर आलं. बहुतेक कचराच, हललेले, डोळे मिटलेले. पण एक गोष्ट दिसली. बऱ्याच फोटोंत कडेला एक बाई अर्धी कापली गेलीय. कधी नुसता खांदा आणि तोंड, कधी खांबाआडून एक डोळा. त्या वेळी मी ते फोटो तिच्यामुळेच पुसले असणार. नवरा-नवरी छान आलीत आणि कडेला कोणीतरी बघतंय, असला फोटो अल्बमला चालत नाही.

१० नोव्हेंबर

आज चेहरे ओळखणारं लावलं. सगळ्या डिस्क जोडून दिल्या आणि सोडून दिलं. स्टुडिओ सुरू केल्यापासूनची सगळी लग्नं त्यात आहेत. एका माणसाचे सगळे फोटो ते एका ठिकाणी गोळा करतं आणि नाव विचारतं. नाव दिलं की पुढच्या वेळी आपण होऊन ओळखतं.

सगळ्यात मोठा ढीग पंढरी आचाऱ्याचा निघाला. साहजिक आहे, या भागातली निम्मी लग्नं त्याच्याच हातची. त्याखाली बँडवाला, मग दोन भटजी. त्यांच्याखाली ती बाई.

पहिल्यांदा लक्षात आलं नाही. मग एकेक उघडून बघत गेलो. अहमदपूरची लग्नं, चाकूरची, लोह्याची, थेट किनवटचंसुद्धा. वेगवेगळी घरं, वेगवेगळ्या जाती, एकमेकांची तोंडं न बघितलेली माणसं. आणि प्रत्येक ठिकाणी ही, मांडवाच्या कडेला, हात धुवायच्या टाकीजवळ किंवा खुर्च्यांच्या मागच्या ओळीच्याही मागे. जुन्या फोटोंत केस काळे, अलीकडच्यांत पांढरे. डोक्यावर पदर. अक्षता पडताना सगळा मांडव नवरा-नवरीकडे बघतो. ही माझ्याकडे बघते.

आरतीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "भूत म्हातारं होत नसतंय. कोणतरी जेवायला येत असंल." आणि हसली. मीही हसलो.

११ नोव्हेंबर

फुकटचं ते फुकटचं. या सॉफ्टवेअरने माझे स्वतःचे काही फोटो त्या बाईच्या ढिगात टाकलेत. लाइट बघण्यासाठी मला उभं करून काढलेले, ते. एवढी मिशी आहे, तीसुद्धा त्याला दिसली नाही. काढून टाकले. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, ही तीच व्यक्ती आहे का? नाही म्हणून दाबलं. परत एक दाखवून विचारलं. परत नाही.

राघवेंद्र म्हणतो, होतं असं कधीकधी. त्याच्याकडे त्याचा आणि त्याच्या मामाचा एकच ढीग झाला होता.

१७ नोव्हेंबर

पंढरीला स्टुडिओत बोलावून फोटो दाखवला. त्याने लगेच ओळखलं. "ही होय? ही असती की. मला वाटलं तुमच्याबरोबरची हाय."

"माझ्याबरोबरची कशी?"

"तुम्ही असला की असती, म्हणून म्हणलं. दुसऱ्या फोटोवाल्याच्या लग्नात न्हाई बघितली. एकदा ताट वाढून दिलं तर म्हणली, माझं झालंय. जेवताना कधी दिसली न्हाई बगा."

तो गेल्यावर बराच वेळ काम सुचलं नाही. मग राघवेंद्रला तिचे फोटो पाठवून त्याच्या डिस्कवर तेच सॉफ्टवेअर लावायला सांगितलं. त्याने या भागात माझ्याइतकीच लग्नं केली आहेत.

१९ नोव्हेंबर

राघवेंद्रच्या एकाही लग्नात ती नाही.

२२ नोव्हेंबर

दोन-तीन घरी जाऊन विचारून आलो. नवरीकडच्यांना वाटत होतं ती नवरदेवाकडची, नवरदेवाकडच्यांना वाटत होतं नवरीकडची. एका घरी म्हातारीने फोटो हातात घेऊन बघितला आणि मलाच विचारलं, "तुमची कोण?"

२६ नोव्हेंबर

आई आरतीसाठी डिंकाचे लाडू घेऊन स्टुडिओत आली होती. मी बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होतो. आत आलो तर आई कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर उभी होती, डबा हातातच. पडद्यावर ती बाई.

"हे कशाला काढलास?"

"मी न्हाई काढला, आला मधी. प्रत्येक लग्नात हाय ही. तू ओळखतीस का?"

"न्हाई. बंद कर ते."

डबा ठेवून गेली. लाडू खाल्ला का म्हणून आरतीला विचारलंसुद्धा नाही. चहा न घेता आई स्टुडिओतून कधी जात नाही. 'सिंधु फोटो स्टुडिओ' अशी तिच्या नावाची पाटी आहे, आत आली की आधी पाटीवरची धूळ पुसते. आज तेही केलं नाही.

म्हणजे आईलाही ते बाहेरचं वाटलं. एरवी असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नाही. माझी भीती वाढली ती त्यामुळे.

२७ नोव्हेंबर

वडिलांना, म्हणजे अण्णांना विचारलं. ते शेतावरून आले होते, पाय धूत होते. म्हणाले, "लग्नात माणूस येतंय, जेवतंय, जातंय. तू तुझं काम कर."

मी म्हणालो, ती जेवत नाही. अण्णांनी पाय पुसायला नको इतका वेळ लावला.

४ डिसेंबर

आज आरतीने सहज बोलता बोलता सांगितलं. एक बाई अधूनमधून स्टुडिओच्या फोनवर फोन करते. तारखा विचारते, ऑर्डर मात्र देत नाही. या आठवड्यात कुठं लग्न हाय, पुढच्या आठवड्यात कुठं.

"आणि तू सांगतीस?"

"त्यात काय लपवायचंय? बोलायला लई चांगली हाय. माझी तब्येत विचारती. आंबट खावंसं वाटतंय का, पाय सुजतेत का. माझ्या माहेरचं कोणी एवढं विचारत न्हाई."

कोणत्या वेळी फोन येतो, कोणत्या नंबरवरून, सगळं विचारलं. दर वेळी नंबर वेगळा असतो, कधी दुकानाचा, कधी स्टँडवरच्या कोणाचा. पुन्हा आला तर काही सांगायचं नाही, असं बजावलं. आरती म्हणाली, "घाबरायलात का?" मी नाही म्हणालो. इथे खोटं कशाला लिहू? घाबरलोय. आमची आधीची दोन गेली. हे तिसरं. कोणाची नजर कुठे लागते, कोणाला माहीत. असलं मी आजवर कधी मानलं नव्हतं.

१५ डिसेंबर

उदगीरला लग्न. सगळा वेळ कडेलाच बघत होतो. नवरीच्या बापाने दोनदा हटकलं, लक्ष कुठाय म्हणून. ती नव्हती. घरी येऊन फोटो टाकले, तरी सॉफ्टवेअरने एक दिला. कार्यालयाच्या दाराच्या काचेत, बाहेर उभी. मी त्या दाराने चारदा आत-बाहेर केलं होतं.

२८ डिसेंबर

हिमायतनगरच्या लग्नाहून आलो. आज तिच्याशी बोललो.

मंगलाष्टकं चालू असताना लांबची लेन्स लावून मागच्या गर्दीवर फिरवली. ती टाकीजवळ होती. लेन्समधून ती एवढी जवळ आली की मी दचकून मान मागे घेतली. तिला माहीत होतं मी तिलाच बघतोय. पदर नीट केला, फोटोसाठी करतात तसा.

अक्षता पडल्या, जेवणाची गडबड उडाली, तसा मी सरळ तिच्याकडे गेलो. जवळून बघितलं तर साधी बाई. हडकलेली, पिवळट. पायात रबरी चप्पल.

"कोणाकडच्या तुम्ही?"

"मी हितलीच हाय."

"आणि अहमदपूरला? चाकूरला? किनवटला? माझ्यामागं का फिरता?"

ती माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत होती, तोंडाकडे नाही. मग म्हणाली, "जेवून घ्या. दरवेळी समद्याचं झाल्यावर जेवता तुम्ही, थंडगार."

"मी काय विचारलं?"

"बाईसाहेबाला सातवा लागला असंल न्हाई? पायऱ्या उतरू देऊ नका."

माझा तोल गेला. तिच्या अंगावर गेलो नाही एवढंच. म्हणालो, माझ्या घरावर नजर ठेवू नका. परत कुठल्या लग्नात दिसलात, परत फोन केलात, तर पोलिसात देईन. आजूबाजूचे चारदोन जण थांबले. एकाने विचारलं, काय केलं हिनं, काही उचललं का? मी हो म्हणालो नाही. पण नाहीही म्हणालो नाही.

ती म्हणाली, "न्हाई येणार." राग नाही, रडणं नाही. वही-पेन विसरलेल्या पोराने 'उद्या आणतो' म्हणावं तसं. आणि गेली. फाटकापाशी एकदा थांबली. वळली नाही.

आत्या हिमायतनगरलाच राहते, पण तिच्याकडे न जाता तसाच परत आलो.

१८ जानेवारी

तीन लग्नं झाली. सॉफ्टवेअरला एकाही फोटोत ती सापडली नाही. काचेत नाही, आरशात नाही, गर्दीत नाही. फोनही नाहीत. आरती म्हणते, "बिचारी कुठं गेली कुणास ठाऊक." मी म्हणालो, सुटलो आपण.

फोटो काढताना मात्र एक विचित्र झालंय. पाठीला काहीतरी जाणवायचं, इतकी वर्षं रोज जाणवायचं. ते आता नाही, म्हणून कळतंय की होतं.

५ फेब्रुवारी

डिस्कवरच्या सगळ्याची दुसरी प्रत आपोआप ठेवणारं टाकलं, तेही फुकटचं. चांगलं चालतंय. आईने आज विचारलं, "ती बाई दिसली का परत?" मी सांगितलं, हाकलून दिलं. आई भाजी निवडत होती. हात थांबले.

"काय म्हणलास तिला?"

सगळं सांगितलं. आईने निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र केली आणि आत गेली. आज ती जेवली नाही. पित्त झालंय म्हणाली.

२१ फेब्रुवारी

सकाळी मी दात घासत असताना अण्णा आले. "हिमायतनगरला जायचंय. आत्याच्या गल्लीतली एक बाई वारली. उमादेवी नावाची. तिला कोणी न्हाई. अग्नी तू द्यायचास."

"मी? मी कोण तिचा?"

"मी शब्द दिलाय," अण्णा म्हणाले.

आई आधीच गाडीत मागे बसली होती.

एक खोली, पत्र्याची. बाहेर गल्लीतली माणसं. मी आत वाकलो आणि तोंड बघितलं. तीच.

आत्या सांगत होती, पोटात गाठ होती, वर्षभर कोणाला बोलली नाही, तरी एसटीने कुठं कुठं जायची. महिनाभर मात्र अंथरुणातून उठली नव्हती. मी ऐकत होतो, पण अर्थ लागत नव्हता. आई आत येऊन तिच्या उशाशी बसली आणि तिचे केस सारखे करू लागली, घरातल्या माणसाचे करावेत तसे. बायका बघत होत्या.

मी अग्नी दिला. मुंडण केलं, मिशी काढली. कशासाठी, ते अण्णांना विचारलं नाही. मी तिला हाकललं होतं. त्याचं प्रायश्चित्त म्हणून हे सगळं करून घेतायत, असंच वाटलं. हिमायतनगरचं बोलणं आत्याच्या कानावर गेलंच असणार.

२४ फेब्रुवारी

आत्याचा फोन. दहाव्याला ठेवायला एक फोटो पाहिजे. "तिच्या घरात एक न्हाई. तुझ्याकडं असंल."

माझ्याकडे शेकड्यांनी आहेत, पण सगळे कडेचे. दुपारी बसून त्यातल्या त्यात एक निवडला, लोह्याच्या लग्नातला, चेहरा पूर्ण आलेला. बाकीचं सगळं कापलं, हललेलं सावरलं, मोठा केला. एवढा मोठा चेहरा मी तिचा कधी बघितला नव्हता. भुवया, त्याखालचा खड्डा, डावा कान उजव्यापेक्षा बाहेर आलेला.

पडद्याचा उजेड जरा मंदावला आणि काचेत माझं तोंड दिसलं. डोकं बोडकं, मिशी नाही. पडद्यावर ती, काचेत मी. मी हललो. ती तिथेच राहिली.

मागे आई उभी होती. कधी आली कळलं नाही.

"आई."

"नाव मी ठेवलं तुझं," आई म्हणाली. "बाकी समदं तिचं."

मग ती स्टुलावर बसली आणि सांगितलं. सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी. उमादेवी लग्न न झालेली पोर होती. आत्याच्या गल्लीतली. आईला मूल नव्हतं. आत्यानेच मधे पडून जुळवलं. एका सकाळी आई-अण्णा हिमायतनगरला गेले आणि मला घेऊन आले. तिने पुढे लग्न केलं नाही. बाप कोण, ते मी विचारलं. आई म्हणाली, "तिनं सांगितलं न्हाई, आम्ही विचारलं न्हाई."

"मी तिला बजावलं होतं. घरी यायचं न्हाई, गावात यायचं न्हाई, लेकराशी बोलायचं न्हाई. तिनं पाळलं. तू फोटो काढायला लागलास. लग्नाला येऊ नको, हे म्हणायचं माझं राहून गेलं."

मी विचारलं, तुला माहीत होतं ती येते ते?

"त्या दिवशी हितं बघितलं तवा कळलं. इतकी वर्सं. आणि मी तुला सांगू शकत होते हिमायतनगरच्या आधी. सांगितलं न्हाई. मला वाटलं, तू जाशील तिच्याकडं."

बाहेर गिऱ्हाईक आलं. पासपोर्टचा फोटो पाहिजे होता. मी काढला. हनुवटी जरा खाली, इकडे बघा, असं म्हणालो. माझाच आवाज मला लांबून आला.

३ मार्च

काल नांदेडला गोदावरीवर दहावा केला. कावळा लगेच शिवला. आत्या म्हणाली, इच्छा राहिली नाही तिची. मला ते खरं वाटलं नाही.

आरतीला सगळं सांगितलंय. ती एवढंच म्हणाली, "मी तिच्याशी दर वेळी सासूशी बोलल्यासारखं बोलत होते."

२२ मार्च

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आईने तिला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ तिचे कान बघत बसली.

९ मे

मधे काहीच लिहिलं नाही. नवीन सॉफ्टवेअर टाकलं नाही, आहे ते ठीक चाललंय.

परवा कंधारला लग्न होतं. कडक ऊन, माणूस बेसुमार. पाठीला मधेच काहीतरी जाणवलं, वळून बघितलं, गर्दी होती. उन्हाने होत असेल म्हणून सोडून दिलं. आज फोटो कॉम्प्युटरवर टाकले आणि चेहरे वेगळे करायला लावले. पंढरी ओळखला, बँडवाला ओळखला. घरच्या फोटोंतल्या चेहऱ्यांना मी मागेच नावं दिली होती. मग एक फोटो दाखवून सॉफ्टवेअरने विचारलं, ही आई आहे का?

मोठा करून बघितला. हात धुवायच्या टाकीजवळ, डोक्यावर पदर घेऊन आई उभी आहे. सगळा मांडव नवरा-नवरीकडे बघतोय. आई माझ्याकडे बघतेय.

आईला आम्ही कंधारला नेलं नव्हतं. त्या दिवशी ती शेतावर जाते म्हणून सांगून गेली होती.

आत्ता ती आत बाळाला झोपवतेय. तिचा आवाज इथपर्यंत येतोय. मी 'हो' दाबलं. तिला विचारणार नाही.